आत्याचं नाडीचं घड्याळ

आत्या गेली तेव्हा मुखेडच्या तिच्या घरात वाटून घ्यावं असं फारसं काही नव्हतंच. आयुष्यभर ती आरोग्य केंद्रात नर्स होती. लग्न केलं नाही, भावाबहिणींच्या लेकरांची शिक्षणं मात्र केली. भांडी शेजारणींकडे गेली, पुस्तकं विहारात दिली. मनगटावरचं घड्याळ वडिलांनी माझ्या हातात ठेवलं.

"अक्कानंच सांगून ठेवलं होतं, हे पोरीला द्या म्हणून."

घड्याळ पुरुषी होतं. जाड स्टीलचं, रोज चावी द्यावी लागणारं, आणि आता बंद पडलेलं. पांढरी डायल जुन्या कागदासारखी पिवळी पडली होती. डायलच्या कडेनं बारीक लाल आकड्यांची एक रांग होती आणि ती उलटी चालायची: दोनशेपासून सुरू होऊन पुढं कमी कमी होत जायची. चावीच्या वर एक आणि खाली एक, अशी दोन बटणं. लहानपणी मला वाटायचं, आत्याच्या घड्याळावर आकडे छापताना कुणीतरी चुकलंय.

मी लातूरला बँकेत आहे. तिथल्या एका सहकाऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, असली जुनी घड्याळं शौकीन लोक लई किमतीला घेतात. जाणकाराला दाखवा." घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "विकायचं न्हाई. पण आपल्याकडं काय हाय ते तरी कळू दे."

लातूरच्या दुकानांत सेल बदलून मिळत होते. हे उघडायला कुणी तयार होईना. शेवटी एकानं नांदेडच्या एका चाचांचं दुकान सांगितलं. सुट्टी काढून मी सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूरला बस बराच वेळ थांबली, तेव्हा पर्समधून घड्याळ काढून पुन्हा एकदा पाहिलं. ते खरंच मौल्यवान निघावं असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती.

चाचांचं दुकान वजिराबादेत, एका जिन्याखाली. दोन माणसं उभी राहिली की भरलं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एकदम मान वर केली.

"ये घड्याळ... मुखेडच्या सिस्टरबाईंचं?"

मी दचकलेच. "माझी आत्या. तुम्ही ओळखत होता?"

"माझे अब्बा ओळखायचे. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकून राहिलो होतो. बाई साफसफाईला आणायच्या. बंद पडलं की दुसऱ्या दिवशी हजर! दुकानातच बसून राहायच्या, घड्याळ सोडून जायच्या न्हाईत." मग हलक्या आवाजात विचारलं, "कशा हायेत?"

मी सांगितलं. त्यांनी भिंग काढून ठेवलं.

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं. आतलं मशीन मलाही दाखवलं: चिमुकली चाकं, लाल खडे, केसासारखी स्प्रिंग. मशीन स्वित्झर्लंडचं आणि अस्सल होतं. डायलही मूळची, पुन्हा रंगवलेली नाही. चावी मात्र कधीतरी बदललेली. "शौकीन लोक आधी डायल बघतात ताई. पिवळी असू दे, पण खरी पायजे. ही खरी हाय."

"आणि हे उलटे आकडे?"

"डॉक्टर लोकांच्या घड्याळाला असतात, येवढं अब्बांनी सांगितलं होतं. वापरायचं कसं, ते बाईंनाच माहीत."

चाचांनी तेल घालून चावी दिली. वरचं बटण दाबताच सेकंदांचा लांब काटा बाराच्या जागेवरून निघाला. त्याच्याकडे बघता बघता मला लातूरच्या घरातली दुपार आठवली. मला ताप होता. आत्यानं माझं मनगट धरलं होतं, ती पुटपुटत मोजत होती. तिसावर आली की थांबायची, बटण दाबायची आणि लगेच आकडा सांगायची. मला वाटायचं, ती अर्ध्यातच कंटाळते!

"चाचा, हात द्या जरा."

त्यांनी काटा थांबवून खालच्या बटणानं पुन्हा बारावर आणला, मी त्यांची नाडी धरली. बटण दाबलं, तीस ठोके मोजले, पुन्हा दाबलं. काटा थांबला तो लाल आकड्यांतल्या अठ्ठ्याहत्तरवर. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजलं. अठ्ठ्याहत्तरच. आम्ही दोघंही हसलो. गुणाकार नको, वाट बघणं नको. काटा आपणच उत्तर दाखवतो.

मग चाचांनी वरच्या बटणाकडे बोट केलं. खालचं बटण थोडंच झिजलं होतं, वरच्याचा माथा मात्र झिजून खोलगट झाला होता. "लोखंडाला बोटानं खड्डा पडलाय. किती लोकांच्या नाड्या बघितल्या असतील बाईंनी!"

चाचांनी सांगितलं, ते घड्याळ अब्बांना फार आवडायचं. एकदा त्यांनी आत्याला बदल्यात दोन नवी कोरी लेडीज घड्याळं देऊ केली होती, वर पैसेही. आत्या म्हणाली होती, "दोन घड्याळं घेऊन काय करू? माणसाला नाडी एकच असते." अब्बा ही गोष्ट शेवटपर्यंत हसून सांगायचे.

मी तिथूनच वडिलांना फोन लावला. आत्याकडे हे आलं कुठून, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"डॉक्टरसायबांनी दिलं," वडील म्हणाले. "अक्का नवी होती नोकरीत. एका गावात हगवणीची साथ आली. डॉक्टर दुसऱ्या गावाला अडकलेले. अक्कानं शाळेतच समद्यांना झोपवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली. तिच्यापाशी घड्याळ न्हवतं. एक हात पेशंटच्या नाडीवर, दुसरा स्वतःच्या. आपल्यापेक्षा पेशंटची किती पळतीय, त्यावरून कुणाकडं आधी बघायचं ते ठरवायची. डॉक्टर आले, त्यांनी हे बघितलं, अन् हातातलं घड्याळ काढून तिच्या हातावर बांधलं. ती नको नको म्हणत होती."

फोन स्पीकरवर होता. चाचा काम थांबवून ऐकत होते.

किंमत त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली: चावी बदललेली, बटण झिजलेलं, तरी एखादी चांगली मोटारसायकल सहज येईल. मी बटण बदलण्याबद्दल विचारलं. "अस्सल मिळणार न्हाई. दुसरं टाकलं तर भाव आणखी पडंल. आन् पडला नसता, तरी मी टाकलं नसतं."

आता ते माझ्या मनगटावर असतं. रोज थोडं मागं पडतं, म्हणून वेळेसाठी मी मोबाइलच बघते. काउंटरवर कुणी विचारलं, केवढ्याचं हो मॅडम, तर मला आकडा सांगवत नाही. रांग नसेल तर मी त्यांना शाळेच्या त्या खोलीतली तरुण नर्स सांगते, दोन्ही हातांनी दोन नाड्या धरून बसलेली.