धाब्यावरची पांढरी

आमच्या गावाखाली एक शहर आहे. हे ऐकून वाशीमचे लोक हसतात, राजधानी तर आमची होती म्हणतात. असेल बाई. पण पैनगंगा आमच्याकडे जिथं वळते, तिथं काठावर पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा होता. शेताची ती काळी, अन् माणसं राहून राहून जी होते ती पांढरी. कोणत्या राजाचं शहर, कधी बुडालं, कोणालाच ठाऊक नाही. हातभर विटा निघायच्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणाली, "सांजच्याले तिकडं जाऊ नोको, तिथं अजून बजार भरते." मी नवी, मला खरंच वाटलं. अजूनही पुरतं खोटं वाटत नाही.

आमची घरं धाब्याची, म्हणजे लाकडांवर माती थापलेलं सपाट छत. पांढरी भिजली की घट्ट बसते, पाणी आत येऊ देत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात बैलगाड्या जुंपून गावानं ते शहर थोडं थोडं आपल्या डोक्यावर आणलं. उंचवटा पुराला अडवत होता हे कळलं, तेव्हा अडवायला काही उरलंच नव्हतं.

माझी पहिली मुलगी तिथं आहे. नाव ठेवायच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पांढरीच्या कडेला, बाभळीखाली. मी जागा पाहिली नाही, बायांना नेत नसत. पुढं काही उन्हाळ्यांनी बाभूळ तुटली अन् ती कडही गाड्यांत भरली गेली. कोणाच्या घरावर गेली? मी लेकरांच्या बापाला विचारलं, आपली माती कुठून आणली. "सारे आनतात तिथून," म्हणाले अन् बाहेर निघून गेले. त्यानंतर ते धाब्यावर कधी चढले नाहीत, मजूर लावायचे. आता तेही नाहीत. छतातून बारीक माती गळायची, खाटेवर, ताटात. ती मी कधी उकिरड्यावर टाकली नाही. कोपऱ्यात लोटून ठेवायची.

औंदा मुलानं स्लॅबचं काढलं. "आई, हे धाबं कवा डोक्यावर येईन सांगता येत नाई."

"पाड. पन माती कुठी जाईन?"

"ट्रॅक्टरवाला नेऊन राह्यला ना, रस्त्याच्या भरावाले."

"नाई न्यायची."

"काहून? सोनं हाये का त्याच्यात?"

मग मी सांगितलं. आपल्याला एक बहीण होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत बसला.

"आपल्याच धाब्यावर हाये, हे तुले पक्कं मालूम हाये का?"

"नाई."

"मंग?"

"नसन, हे बी तं मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी धाबं उतरलं. ट्रॅक्टरवाला आला, त्याला मुलानं नाही म्हटलं. "मंग जोत्यात भरा ना भाऊ," तो म्हणाला, "पायाखाली मस्त दबते हे माती." मुलगा माझ्याकडं बघत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "पायाखाली नाई."

अंगणात ढीग लागला. त्यात बांगडीचा एक तुकडा दिसला, इतका बारीक की मनगट तान्ह्याचंच असावं. त्या शहरातलं कोणाचं तरी लेकरू. माझ्या लेकीच्या हातात बांगडी नव्हती, हे मला माहीत आहे. तरी मी तो तिथंच दाबून ठेवला.

स्लॅब झाला. एका दुपारी आभाळ भरून आलं, तर सून ताडपत्री ओढत अंगणात निघाली. मी म्हटलं, "अवं, ते सोयाबीनची गंजी झाकाची व्हय."

"सोयाबीन निंघाले लय टाइम हाये, आत्याबाई," ती म्हणाली, अन् ढिगावर ताडपत्री पसरून कोपरे दाबायला दगड शोधू लागली.