रसवांगीचा निवाडा

“तात्तांचं कोर्ट सुरू झालं. हेडफोन लावून घ्या,” ब्राउझिंग सेंटरचा मालक शेजारच्या गिऱ्हाइकाला तमिळमध्ये हळूच म्हणाला. तात्ता म्हणजे आजोबा, आणि हे आजोबा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे मामा. ते तीन नंबरच्या संगणकासमोर उभे राहून कोटाची बटणं लावत होते. शेजारी कीबोर्डवर हात ठेवून, कुणाला दिसू नये अशा बेतानं मी बसले होते.

मिटवायला घ्यावासा वाटला नाही असा तंटा मामांना जन्मात भेटला नसेल. तंजावरच्या कोर्टात त्यांनी सगळी नोकरी फायली लावण्यात काढली. दुसऱ्यांचे निवाडे त्यांनी सुतळीनं बांधले, पण स्वतः एकही दिला नाही, आणि ही भूक पोटात घेऊनच ते निवृत्त झाले. मग त्यांना इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही ते खोडू शकतं. इतरांना त्यात ज्ञान दिसलं, मामांना भांडणं दिसली. प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान असतं आणि तिथं चांगले शिकलेसवरले लोक एका स्वल्पविरामावरून एकमेकांची अक्कल काढतात, हे कळल्यावर मामांनी तिऱ्हाईत पंच म्हणून तिथं नाव नोंदवलं आणि ट्रंकेतला काळा कोट उन्हात घातला.

त्यांना टाइप करता येत नव्हतं, म्हणून माझ्या आईनं मला देऊन टाकलं. कॉलेज संपलंय, घरीच असते, बोलत तर नाहीच, टाइप तरी करेल, असं ती माझ्यासमोरच म्हणाली. मला घरातली तंजावरी मराठी समजायची, तमिळ पटकन यायची आणि लिहायला फक्त इंग्रजी जमायची. त्यामुळे कोणत्या भाषेत बोलावं हे ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. मामांना असाच टायपिस्ट हवा होता. ते कोर्टातल्या इंग्रजीत मजकूर सांगत, मी तो माणसांच्या इंग्रजीत उतरवत असे. “माझे विद्वान मित्र” असं त्यांनी म्हटलं की मी “दोन्ही संपादक” लिहीत असे. एकदा त्यांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, “तूं मला मवाळ करतीस.” पण बदलायला लावलं नाही. प्रत्येक निवाडा ते छापून घरी नेत, आणि त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवरच त्यांनी मला देवनागरी गिरवायला लावली. आज हे लिहिते आहे ते त्याच शिकवणीवर.

कॉफीच्या खोलगट वाटीला डबरा म्हणायचं की दवरा, यावरून दोन गृहस्थ कित्येक दिवस एकमेकांचं लिखाण उलटवत होते. मामांनी निकाल राखून ठेवला आणि दोघांनी आधी त्या वाटीतून कॉफी पिऊन यावं, असा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी एकानं कबूल केलं की परदेशात आल्यापासून तो कागदी पेल्यातूनच पितो. दुसरा विरघळला. लेखात दोन्ही नावं राहिली. मामा म्हणाले, “बेस,” आणि संगणकाला नमस्कार करून उठले.

ज्ञानकोशाचे नियम त्यांनी घरातही लागू केले. एकाच दिवसात एकच बदल तीनदा उलटवायचा नाही, हा नियम जिन्यातल्या दिव्याला लागला. माझे वडील दिवा घालवत आणि मामी लावत. तिसऱ्या वेळेस दिव्याखाली समज देणारा कागद लागला. दारावर त्यांनी चर्चा पानही टांगलं, दोरीला पेन्सिल बांधून. दूधवालीनं त्यावर तमिळमध्ये लिहिलं, उद्या दूध नाही. मामांनी खाली लिहिलं, “आधार?” हा त्यांचा लाडका शब्द. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हटलं तरी त्यांनी आधार मागितला. मात्र एक गोष्ट त्यांनी कटाक्षानं पाळली. ज्यात आपला संबंध, त्यात आपण निवाडा द्यायचा नाही. तंजावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुलीचा वाद त्यांनी परत पाठवला, कारण तसली एक बाहुली त्यांच्या फळीवर होती.

या माणसाच्या घरात आधार नसलेली एकच गोष्ट राजरोस नांदत होती, ती म्हणजे मामींची रसवांगी. रसवांगी म्हणजे चिंच, डाळ, धणे-खोबऱ्याचं वाटण आणि अर्थातच वांगी. पण वांगं खाल्लं की मामांच्या ओठांना खाज सुटे. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मामी ती कोहळ्याची करत आणि रसवांगीच म्हणत. पाहुणे भाताखाली वांगं शोधत राहत. मीही लहानपणी शोधलं होतं, आणि धीर करून विचारलंही, वांगं कुठाय? मामी म्हणाल्या, “नांवांत अहे की. पानांत कसाला?”

मामी गेल्या, त्यानंतर त्या घरात रसवांगी झाली नाही. दिवा आता जिन्यात रात्रभर जळायचा आणि वडील तो घालवत नसत. एका दुपारी मी एकटीच ब्राउझिंग सेंटरला गेले आणि ज्ञानकोशातल्या रसवांगीच्या पानावर एक वाक्य घातलं: तंजावरच्या काही मराठी घरांत ती कोहळ्याचीही करतात. मामींची कुठं काही नोंद राहावी, एवढंच मनात होतं. नाव दिलं नाही. नाव न देता लिहिलं की सहीच्या जागी त्या कनेक्शनचा नंबर उमटतो. दोन दिवसांत कुणीतरी वाक्य काढलं, नावातच वांगी आहे असा शेरा मारून. मी परत घातलं. त्यानं परत काढलं. आणि मग त्या भल्या माणसानं, तंजावरच्या पदार्थाचा वाद म्हणून, तो मामांकडेच पाठवला.

आणि म्हणून त्या दिवशी मी माझ्याच खटल्याची टायपिस्ट होऊन बसले होते. मामांनी ते पान दोनदा वाचलं. हा वाद ते परत पाठवतील अशी माझी खात्री होती, कारण यात त्यांचा संबंध बाहुलीपेक्षा कितीतरी जास्त होता. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावरच्या नंबरावर बोट ठेवलं. मागे एकदा नाव टाकायला मी विसरले होते, तेव्हा मामांचा निवाडा सेंटरच्या याच नंबरानं छापला गेला होता. कोर्टातल्या जुन्या फायलींचे नंबर अजून तोंडपाठ असलेला माणूस हा नंबर विसरेल, असं मानायला मला कसलाच आधार नव्हता.

“लिही,” मामा म्हणाले. “या वाक्याला छापील आधार नाहीं. वाक्य काढावं.”

मी ते लिहिलं. निकाल हाच लागणार हे मला ठाऊक होतं. ते वाक्य आजही त्या पानावर नाही. पण मामांनी “बेस” म्हटलं नाही, नमस्कारही केला नाही. चष्मा काढून ते कोटाच्या टोकानं पुसत राहिले. इतका वेळ पुसत राहिले की मालकानंही मान वर करून पाहिलं.

“आता हे लिहूं नकोस,” ते पडद्याकडे बघतच म्हणाले. “या नंबरामागचा साक्षीदार हजर असला तर त्यानं तोंड उघडावं. नियमांत बसणार नाहीं. पण घरांत आता तें सांगणारं कोणी नाहीं, आणि मला एकदां ऐकायचं अहे.”

मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. या वेळी भाषा शोधावी लागली नाही. हेडफोन लावलेल्या माणसानंही वळून पाहावं एवढ्या आवाजात मी म्हणाले, “मामा, मी मामींच्या हातचं जेवलेय. कोहळ्याचीच होती, आणि ती रसवांगीच होती.”