सकायचं सकाळी

साक्रीकडचा पंडित गेली सात वर्षं जळगावात प्रोग्रॅमर आहे, आणि त्याचं बोलणं ऐकाल तर म्हणाल, हा पुण्याचाच. आईचा फोन आला की हा जिन्यात पळतो. गावची बोली ऑफिसात कुणाच्या कानावर पडायला नको ना! आता याला काय म्हणावं?

त्यांच्या ऑफिसचं ॲप केळी नेणाऱ्या गाड्यांचं. कोड सगळा एकाच जागी, पण आत तीन पॅकेजं: एक शेतकऱ्यांच्या पानाचं, एक व्यापाऱ्यांच्या पानाचं आणि एक सामायिक. पडद्यावरचे शब्द सामायिकमध्ये. दोन्ही पानं ते तिथूनच घेतात. शेतकऱ्यांचं पान मयुरीकडे. तिने गावोगाव विचारून खानदेशी शब्द भरले होते, म्हणून 'उद्या'च्या जागी 'सकाय'. सामायिकला हात लावला की दोन्ही पानं उघडून बघायची, हा तिचा नियम.

मार्चमध्ये धुळ्याचे व्यापारी रतिलालशेठ ॲप बघायला आले. मयुरी रजेवर होती. 'गाडी सकाय येईल' वाचून शेठ खो खो हसले. "हे कुठलं खेडवळ काढलंत हो?"

पंडितचे कान तापले. "टायपिंगची चूक आहे शेठ, 'सकाळी' हवं," तो म्हणाला, आणि त्यांच्यादेखत सामायिकमध्येच शब्द बदलून मोकळा झाला. बदलायचाच होता तर व्यापाऱ्यांच्या पॅकेजात वेगळा शब्द ठेवायचा. पण लाज झाकायची घाई! शेतकऱ्यांचं पान त्याने उघडूनही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी चोपड्याकडचे शेतकरी उखर्डू नाना यांनी पहाटे फोन बघितला: 'गाडी सकाळी येईल.' म्हणजे आत्ताच की! माणसं गोळा केली, घाईघाईने सगळी केळी कापली. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर माल उन्हात पडून काळवंडला, आणि गाडीवाला रिकामाच परत गेला.

नानांची तक्रार आली. चूक कुणाची, हे पंडितला लगेच कळलं होतं. तरी साहेबांसमोर तोंडातून निघालं, "नानांनी नीट वाचलं नसेल." साहेबांनी तेच नानांना कळवलं. पंडितने गुपचूप जुना शब्द परत टाकला. मयुरीने बदलांची नोंद उघडली, त्याचं नाव वाचलं आणि नोंद तशीच बंद केली. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दुपारी ऑफिसात नानांचा फोन आला. नेमका पंडितनेच उचलला.

"साहेब, मन्हीच चूक शे," नाना म्हणाले. "माले नीट वाचता येस नही. तुमले बठ्ठासले तरास झाया. माफ करा."

पंडितला मान वर करवेना. शेजारी मयुरी होती, पलीकडे साहेब. तो फोन घेऊनच उठला, जिन्याकडे निघाला, आणि दोन पावलांवर थांबला.

"नाना," तो तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक तुमनी नही. मन्ही शे. तो शब्द मीच बदलेल शे."



"तू आपलाच शे का रे?" नानांनी विचारलं. "मंग तुले 'सकाय' म्हंजे काय, ते माहीत नव्हतं?"

"माहीत व्हतं, नाना," पंडित म्हणाला.