वाकड्या कण्याची माझी पळण्याची चाल

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला. आमच्या खुलताबादच्या घाटासारखा माझा कणा मधेच वळला होता.

"स्कोलिओसिस आहे," मॅडम म्हणल्या. म्हंजे पाठीचा कणा बाजूला वाकणं.

मला एकच विचारायचं होतं, पळणं बंद का? पळून आलं की पाठ लई दुखायची, म्हणूनच आले होते. मैत्रीण शबाना अन् मी रोज सकाळी हर्सूल तलावाकडं पळतो. दिवसभरात तेवढाच वेळ माझा. आईनं बजावलेलं, "डॉक्टर नाय म्हणल्या तर ते पळायचे बूट देऊन टाकायचे."

"तुझा बाक कमी आहे, पळ की," मॅडम म्हणल्या. "पण पळतेस कशी, ते फिजिओला दाखव." फिजिओ म्हंजे व्यायामानं दुखणं कमी करणारे.

फिजिओ दादांसमोर पॅसेजमधी पळाले. छाती पुढं, खांदे ताठ, मान जाम. बाकड्यावरच्या मावश्या बघतच राहिल्या.

"असं कुणी शिकवलं?" दादांनी विचारलं.

"शाळेतल्या पीटीच्या सरांनी. म्हंजे त्यांची नक्कल आहे." माझा एक खांदा खाली दिसतो ना, तो लपवायला पळताना मी सरांनाच अंगात घ्यायचे.

"मग सरांचीच पाठ दुखू दे. आता तुझं पळून दाखव."

जमेना! आईची चाल आली, शबानाची आली, माझी काय येईना.

"खांदा खाली राहतो तर राहू दे," दादा म्हणाले. "ओढून सरळ करू नको."

मग पोटाचे, पाठीचे व्यायाम. थोडं चालायचं, थोडं पळायचं, तेपण मातीवर. कळ पायात उतरली नायतर पाय बधिर झाला तर थांबून डॉक्टरकडं जायचं. तुमचा कणा असा असंल तर आधी तुमच्या डॉक्टरला विचारा, माझ्या भरवशावर बूट घालू नका.

बाक आहे तसाच आहे. दुखणं लई कमी झालं. बूट माझ्याच पायात आहेत.

परवा तलावावर शबाना म्हणली, "रुक, तेरी नकल करती." अन् पळाली. एक खांदा खाली, एक हात बाहेर, मान डुलतीय. मी हसून हसून पोट धरून खाली बसले. आजपर्यंत माझी नक्कल कुणी केलीच नव्हती. करणार तरी कशी, मी सरांचीच चाल दाखवत फिरायचे.

"कैसी लगी?"

"हात अजून बाहेर जातो गं माझा," म्हणलं, अन् उठून तिला नीट पळून दाखवलं.