तेहतीस भोकांची टाकी

खंडेराव आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि त्यांची मोटारसायकल माझ्या पार्किंगमध्ये राहते. माझे यजमान गेल्यावर मी गाडी विकली, तेव्हा ती जागा रिकामी झाली. त्या जागेत सोमवारी एक चाक आलं, मंगळवारी सायलेन्सर आला, बुधवारी हॉर्न आला आणि गुरुवारी खंडेराव आले, परवानगी मागायला. "थोडेच दिवस, माई," म्हणाले. माझ्या नोंदीप्रमाणे त्या थोड्या दिवसांना येत्या ऑक्टोबरात नऊ वर्षं होतील.

इंदिरानगरात सगळे त्यांना सज्जन, शांत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून म्हणून ओळखतात. दिंडोरीच्या पलीकडे त्यांची सासुरवाडी आहे. त्या गावात मात्र त्यांना 'स्पेरपाट जावई', म्हणजे स्पेअरपार्टवाला जावई, म्हणतात. सत्तेचाळीस वर्षं म्हणतात. पारावरची म्हातारी माणसं म्हणतात, त्यांचे नातू म्हणतात, आणि एकदा तर लग्नपत्रिकेच्या पाकिटावरही तसंच लिहून आलं होतं.

त्याचं असं झालं. १९७९ साली लग्नाच्या पंगतीत खंडेराव रुसले. तेव्हा जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने समजूत काढायची, अशी रीतच होती. इतर जावई घड्याळावर नाहीतर अंगठीवर रुसत. खंडेराव फटफटीवर रुसले. ताटावर हात धरून बसले. पंगतीतली जिलेबी थंड झाली.

"अहो, याला हुंडा म्हणतात," असं साळूबाई अजूनही त्यांना महिन्यातून एकदा सुनावतात. साळूबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. खंडेराव मान खाली घालतात. "चोवीस वर्षांचा होतो, अक्कल नव्हती," एवढंच म्हणतात.

सासरे वस्ताद होते. ते म्हणाले, "देतो की फटफटी! पण एकदम नाय. दर धोंड्याला एक भाग."

धोंडा म्हणजे अधिक महिना. तो साधारण तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतात. खंडेरावही पेटले. भर मांडवात त्यांनी सांगून टाकलं, "चालेल! आणि वाणात येईल तेवढाच भाग लावीन. बाहेरून एक नटसुद्धा घेणार नाही."

दोन हट्टी माणसं एकमेकांपुढे उभी राहिली की मध्ये बायकोचं काय होतं, ते साळूबाईंना विचारा.

सासरे मालेगावच्या भंगार बाजारातून भाग आणत. त्यांची एकच अट असे. वाण जाळीदार हवं. अनारशाला जाळी असते, बत्तासा पोकळ असतो, तसं वाणातल्या प्रत्येक वस्तूला छिद्र असलंच पाहिजे. म्हणून १९८० साली पहिलं आलं ते चाक, कारण त्याच्या तारांमध्ये फटी होत्या. मग साखळी आली, सायलेन्सर आला, जाळीचा हॉर्न आला. सीट आलं ते उंदरांनी कुरतडलेलं, म्हणजे शास्त्राला अगदी धरून. इंजिन आलं तेव्हा सासऱ्यांनी बोट लावून भोकं दाखवली होती. २००४ साली सासरे नव्हते, पण सासूबाईंनी, आक्काबाईंनी, व्रत सोडलं नाही. त्या वर्षी त्यांनी साडीगार्ड दिलं. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. मोटारसायकलीला अजून हॅण्डल नव्हतं, पण साडीगार्ड आलं.

यात एक अडचण होती. भंगारात जे मिळे ते येई. पुढचं चाक राजदूतचं, मागचं येझदीचं, मडगार्ड कशाचं ते कोणालाच माहीत नाही. पुढचं चाक मोठं असल्यामुळे गाडी उभी केली की आकाशाकडे बघते. खंडेरावांनी ते भाग रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासले. पाने कसे धरायचे, प्लगला ठिणगी कशी बघायची, हे ते साठीनंतर शिकले. किक उलटी बसून त्यांची नडगी तीन वेळा सुजली, त्याच्या तारखा माझ्याकडे आहेत. इमारतीचा जिना रंगवून उरलेला मोरपिशी रंग त्यांनी गाडीला दिला, त्यामुळे आमचा जिना आणि ती गाडी हल्ली बहिणी वाटतात.

गेल्या धोंड्यापर्यंत सतरा भाग झाले. एकच उरला. पेट्रोलची टाकी.

टाकी शेवटी का राहिली हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. टाकीला भोकं नसतात. नसावीत, अशीच अपेक्षा असते.

यंदा अधिक ज्येष्ठ लागायच्या आधी खंडेराव माझ्याकडे आले. चहा घेतला नाही, यावरूनच विषय गंभीर आहे हे मला कळलं.

"माई, सासूबाई त्र्याण्णवच्या झाल्या. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. त्या असतील का, मी असेन का? मला फटफटीची हौस राहिलेली नाही. मला ते नाव पुसायचंय. साळूला मागे बसवून, स्वतः चालवत वेशीतून आत जायचं आणि आक्काबाईंच्या दारात उतरायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत. मग कोण म्हणतो स्पेरपाट, ते बघू."

त्यासाठी वाण आधी हवं होतं. फोनाफोनी झाली. आक्काबाईंनी मोठ्या मनाने मान्य केलं की टाकी पुढे पाठवते, दारात ओवाळते. १९ मेला साळूबाईंचा भाचा रविराज छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. त्याने लाल कापडात गुंडाळलेलं वाण माझ्या पार्किंगमध्ये ठेवलं. आत्याचे यजमान म्हणून तो खंडेरावांना मामा म्हणतो.

"मामा, आधी पाणी प्या," तो म्हणाला. "मग उघडा."

खंडेरावांनी हात जोडले आणि कापड काढलं. टाकी सुंदर होती, गोल, गुटगुटीत. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली. टाकीतून पलीकडचा गुलमोहर दिसत होता.

"रव्या, हे काय?"

"भोकं."

"ते दिसतंय. पाडली कोणी?"

"वेल्डिंगवाल्याने. आजी समोर खुर्ची टाकून बसली होती. बिनभोकाचं वाण दिलं तर जावयाला दोष लागतो म्हणे. मी म्हणलं, आजी, पेट्रोल घालायला एक भोक असतंच, खाली कॉकला दुसरं असतं. तर म्हणे, अनारसे किती? तेहतीस. मंग भोकं पण तेहतीस. ड्रिल दोनदा गरम झालं, मामा."

साळूबाई जिन्याच्या पायरीवर बसून हसत होत्या. हसून हसून त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थोपटायला गेले तर मलाही हसू आवरेना.

"वेल्डिंग करून बुजवतो," खंडेराव म्हणाले.

साळूबाईंचं हसू थांबलं. "आईने दिलेलं वाण बुजवायचं नाही. ती हात लावून मोजणार आहे."

दोन दिवस खंडेराव घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोडगा काढला तो साळूबाईंनीच. गल्लीतला मेकॅनिक स्कूटरची टाकी काढली की पेट्रोलची बाटली उंच टांगतो, तिला नळी लावतो आणि नळी थेट इंजिनाकडे सोडतो, हे त्यांनी भाजी आणताना पाहिलं होतं. "टाकी दाखवायला पुढे राहील. बाटली मी धरते मागे बसून," त्या म्हणाल्या.

२४ मे, रविवार. सकाळी सात पाच. मोरपिशी गाडी, तिच्यावर जाळीदार टाकी, पुढे फेटा बांधलेले खंडेराव. मागे हिरवी नऊवारी नेसलेल्या साळूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या उंच धरलेल्या उजव्या हातात लिटरभराची बाटली. मी मागच्या टेम्पोत रविराजशेजारी बसले होते. अकराव्या किकला गाडी सुरू झाली आणि इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

एक गोष्ट मला मुंबई नाक्यापर्यंत कळली. बाटली वर असली की गाडी पळायची, बाटली खाली आली की आचके द्यायची. साळूबाईंनाही ते कळलं असावं. खंडेरावांनी मागे वळून काहीतरी शिकवायला सुरुवात केली की हात थोडा उतरायचा. खंडेराव गप्प, की हात वर. सत्तेचाळीस वर्षांत इतका सोपा संसार त्यांनी केला नसेल.

पंचवटीत मात्र घोटाळा झाला. देवळांचे कळस दिसले आणि साळूबाईंनी हात जोडले. दोन्ही. बाटली मांडीवर आली आणि भर चौकात गाडी बंद पडली.

"अगं, बाटली!"

"देव आहे तिथे."

"एका हाताने करायचा नमस्कार!"

"एका हाताने? ओळखीचा माणूस आहे का तो, रिक्षातून चाललेला?"

मागे भाजीच्या गाड्यांनी हॉर्न लावले. वाहतूक पोलीस आला. त्याने आधी बाटली पाहिली, मग नळी पाहिली.

"आजी, पेशंट कोण आहे?"

"हे काय, चालवतायत," साळूबाई म्हणाल्या.

"गाडीचा नंबर काय?"

"टाकीचा अठरावा," खंडेराव अभिमानाने म्हणाले.

पोलिसाने टाकीच्या एका भोकात बोट घालून पाहिलं. त्याच्या नोकरीत असं काही आलं नसावं. "बाबा, ही रस्त्यावर दिसता कामा नये," तो शेवटी म्हणाला. "मागचा टेम्पो तुमचाच ना? घाला त्यात."

बरोबरच होतं त्याचं. चार हमालांनी गाडी टेम्पोत चढवली. खंडेराव तिच्यावरून उतरायला तयार होईनात, कारण घोडीच्या स्टँडवर उभी केली तरी ती कलंडत होती. त्यामुळे पंचवटीपासून पुढचा सगळा दिंडोरी रस्ता ते टेम्पोत मोटारसायकलवर बसून, हॅण्डल घट्ट धरून आले. वळणाला सवयीने कलत होते. साळूबाई शेजारी पोत्यावर बसून त्यांना शेंगदाणे देत होत्या.

"माई, गावाने पाहिलं तर?" त्यांनी मागून ओरडून विचारलं. आवाज खरंच घाबरलेला होता. टेम्पोत बसून आलेला जावई म्हणजे स्पेरपाटाच्याही खालची पायरी, हे मलाही समजत होतं.

म्हणून वेशीच्या अलीकडे, द्राक्षबागेच्या आडोशाला आम्ही गाडी उतरवली. बाटलीत चार बोटं पेट्रोल उरलं होतं. खंडेरावांनी फेटा सारखा केला. पहिली किक. दुसरी. सातवीला ते कळवळले, नडगीवर बसली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मी ढकलत नेणार नाही," ते म्हणाले. "ढकलत नेली तर परत जाऊ."

"तुम्ही बोलू नका," साळूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली डोक्याच्याही वर, हात पुरेल तितकी उंच धरली. कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला सिस्टर, उत्तर येत असेल तर असा हात वर करायला लावत. नवव्या किकला इंजिन धडधडलं.

वेशीतून गाडी आत गेली तेव्हा आम्ही टेम्पो बराच मागे ठेवला होता. पारावर आठदहा माणसं होती. आवाज ऐकून सगळी उठली. खंडेरावांनी मान ताठ केली. ते त्या एका शब्दाची वाट बघत होते, हे मला मागूनही दिसत होतं. कोणी म्हणालंच तर थांबून काय बोलायचं, ते त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं.

पण कोणी म्हणालं नाही. सगळे बाटलीकडे बघत होते.

"आरं, साळूताई आली! फटफटीवर!"

"हात बघ कसा वर धरलाय, पुढाऱ्यावाणी!"

"आन् चालवतंय कोण?"

"असंल ड्रायवर कोणीतरी."

गाडी तशीच आक्काबाईंच्या दारात गेली. आक्काबाईंना दिसतं कमी. त्यांनी टाकीवर बोटं फिरवून भोकं मोजली, गाडीला कुंकू लावलं, साळूबाईंची दृष्ट काढली आणि मग विचारलं, "जावई कुठं हायेत?"

"हा काय मी," खंडेराव म्हणाले.

"पूर्ण भरली ना गाडी?"

"भरली."

"मंग आता रुसायचं नाय," आक्काबाई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडात अख्खा अनारसा कोंबला. त्यामुळे पाठ केलेलं भाषण आतच राहिलं. त्यांचे डोळे मात्र भरले होते. तुपामुळे असं ते म्हणतात.

जेवणानंतर अंगणात बायकांची रांग लागली. रविराजने बाटली पुन्हा भरून दिली. साळूबाई आता पायरीवर उभ्या राहून एकेकीला बाटली कशी धरायची ते दाखवत होत्या आणि खंडेराव एकेकीला मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणत होते. चौथ्या फेरीला भागीबाई नावाच्या थोराड बाई बसल्या. गाडीचं पुढचं चाक जरासं उचललं गेलं. त्यांनी बाटली वर केली आणि खंडेरावांच्या खांद्यावर थाप मारली.

"ड्रायवर, चढाला जरा दमानं घ्या हां."

"हो, ताई," खंडेराव म्हणाले आणि किक मारली.