डोक्यावर बादली, पायाखाली भरती

हिवाळ्यातली बदकाची शिकार हा जिवावरचा खेळ आहे, आणि ज्याला पोहता येत नाही, चिखल कळत नाही आणि ज्याच्या डोक्यावर बादली आहे, त्याने तो खेळू नये. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बादली माझीच होती. म्हणजे अर्बाबची होती, डोकं माझं होतं.

ओमानात कसली आलीय थंडी, असं गावी सगळे म्हणतात. म्हणोत. जानेवारीत सहमच्या किनाऱ्यावर पहाटे उत्तरेचा वारा सुटतो, त्या वाऱ्यात कमरेपर्यंत भिजून एकदा उभं राहावं आणि मग बोलावं. त्या दिवशी माझे दात असे वाजत होते, की समुद्रापलीकडे इराणात कोणीतरी 'कोण आहे' म्हणून दार उघडलं असणार.

पण आधी घरची परिस्थिती सांगतो. मी सहमला पाण्याच्या पंपांच्या दुकानात नोकरीला होतो. दुकान अर्बाब खल्फानचं. अर्बाब म्हणजे मालक. पण आमचा मालक मालकापेक्षा शेजाऱ्यासारखा वागायचा, न सांगता यायचा आणि चहा संपेपर्यंत जायचा नाही. त्या हिवाळ्यात माझे सासरे, आबा, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. सासूबाई दिवाळीनंतर गेल्या. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, विमान वेळेवर मिळालं नाही. ती देवगडला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याची भरपाई म्हणून की काय, येताना ती आबांनाच घेऊन आली.

आबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर 'पुढे सरका' म्हणून ओरडलेला माणूस आता एक शब्द बोलेना. सकाळी माकडटोपी घालून गॅलरीत बसायचे, ते दुपारी उठायचे. ताटातला भात चिवडून ठेवायचे. सुलभा रोज वेगळं कालवण करायची आणि रोज स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची.

"अहो, काहीतरी करा," ती मला म्हणाली. "असेच बसून राहिले तर मला भीती वाटते."

मी करण्यासारखं काय होतं? जावई म्हणून आबांनी मला पहिल्या दिवसापासून विनातिकीट प्रवाशासारखंच पाहिलं होतं. उतरवता येत नाही म्हणून बसू दिलं, एवढंच.

अशात एका संध्याकाळी अर्बाब खल्फान तोंड पाडून आला. त्याचं शेत किनाऱ्याला लागून. शेताखाली समुद्राचं पाणी आत शिरतं, त्याला तिथे खोर म्हणतात. आपली खाडीच, फक्त माड नसलेली.

"बट्टा," तो म्हणाला. "मेरा बट्टा कुल्लु खलास. सब भाग गया."

बट्टा म्हणजे अरबीत बदक. हिवाळ्यात थंड मुलखातली रानबदकं त्या खाडीत उतरतात. त्यांच्या नादाने अर्बाबची पाळलेली बदकं कुंपणाखालून निसटून खाडीत पोहायला गेली होती आणि परतायचं नाव घेत नव्हती. रात्री कोल्हे फिरतात. बदकं त्याच्या म्हाताऱ्या आईची लाडकी, आणि ती जेवत नव्हती.

दोन घरांत दोन म्हातारी माणसं जेवत नाहीत, हा योगायोग माझ्या लक्षात यायला हवा होता. पण माझ्या तोंडाला माझ्या डोक्याच्या पुढे धावायची सवय.

"बदकं?" मी म्हणालो. "अर्बाब, आमच्या कोकणात बदकं पकडायला बंदूक लागत नाही. माझे आजोबा डोक्यावर मडकं घालायचे, मडक्याला डोळ्यांपुरती भोकं, आणि गळ्यापर्यंत पाण्यात शिरायचे. बदकांना वाटतं मडकं तरंगतंय. आजोबा जवळ जाऊन खालून पाय धरायचे. एका सकाळी पोतंभर."

(आजोबा पोस्टमन होते. बदक त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही तिकिटावर.)

अर्बाब माझ्याकडे कौतुकाने पाहत होता. आणि तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"खंय?"

आम्ही सगळे वळलो. आबा दारात उभे होते.

"खंय आसत बदकां? माका येवचा आसा."

सुलभाने हातातली कपबशी खाली ठेवली. महिनाभरात आबांनी प्रथमच काहीतरी मागितलं होतं. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात प्रेम होतं, आभार होते आणि माघार घेतलीस तर याद राख, हेही होतं. शिकार ठरली.

आता भरतीचा प्रश्न. देवगडचा माणूस भरतीची वेळ कोणाला विचारत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चौथ असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"पौर्णिमा," मी म्हणालो.

"पंधराचे पाऊणपट," आबा म्हणाले. "सव्वाअकरा."

"म्हणजे सकाळी खाडी रिकामी. निवांत काम."

सुलभा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "यात भरती बरीच लवकर दाखवतायत."

"त्या फोनला काय कळतंय?" मी म्हणालो. "पणज्यापासून चालत आलेला हिशेब आहे."

"पणजे देवगडला होते. आपण सहमला आहोत."

"पाणी एकच गो," आबा म्हणाले, आणि मी मान डोलावली. माझ्या एका वाक्याशी आबा सहमत झाल्याची ती पहिली वेळ. एकदाच झाले, आणि तेही चुकीच्या वाक्याशी. पाणी एक असेल, पण ते आपल्या दारी एका वेळेला येतं आणि दुसऱ्याच्या दारी दुसऱ्या. लग्नाच्या वऱ्हाडासारखं.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही शेतावर पोचलो. अर्बाब नमाजाला गेला होता. त्याच्या गोठ्याजवळ रंगाची एक रिकामी पांढरी बादली दिसली. दुकानातलं ड्रिल मी आणलंच होतं. डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली आणि बादली डोक्यावर घातली.

आबांनी मला आपादमस्तक पाहिलं. "ह्या कित्याक?"

"बदकांना वाटेल, बादली तरंगतेय."

"आणि बादलेक काय वाटात?"

एका सकाळी दोन वाक्यं! मी बादलीत हसलो. बादलीत हसलं की आपलंच हसू दहा माणसांचं होऊन परत येतं, त्यामुळे मला वाटलं सगळेच हसतायत.

मी आबांना काठावर उभं राहायला सांगितलं आणि पाण्यात उतरलो. सुरुवातीला घोटा, मग गुडघा, मग कंबर. पाणी असं गार, की माझ्या शरीरातला प्रत्येक अवयव आपापल्या गावी परत जायला निघाला. बादलीच्या भोकांतून समोरचं थोडं दिसे, बाजूचं काही नाही. ऐकू येत होते फक्त माझे दात. मधूनच आबांचा आवाज आल्यासारखं वाटे. ते मला प्रोत्साहन देतायत, अशी माझी समजूत झाली. (जावयाने सासऱ्याबद्दल करून घेतलेल्या समजुतींत ही सगळ्यात मोठी.)

मग बदकं दिसली. रानबदकं मला बघून उडाली. अर्बाबची बदकं मात्र उडाली नाहीत. ती वळली, आणि सरळ माझ्याकडे आली. आधी एक, मग सगळीच, माना ताणून, ओरडत. एकाने बादलीवर चोच मारली. एक बादलीवरच चढून बसलं. शिकारीच्या इतिहासात शिकाऱ्यालाच वेढा पडल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. नंतर कळलं, त्याच बादलीतून त्यांना रोज दाणा मिळायचा. मी काठावर उभं राहून ती नुसती वाजवली असती तरी बदकं घरी आली असती आणि ही आठवण लिहायची वेळ आली नसती.

मी बादली काढली. आणि पाहिलं.

आबा काठावर नव्हते. माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून ते कडेकडेने पुढे आले होते. तिथली जमीन वरून पांढरी, टणक दिसते, मिठाचा पापुद्रा. खाली मात्र लापशी. पापुद्रा फुटला होता. आबा मांड्यांपर्यंत चिखलात रुतले होते, आणि त्यांच्या भोवती पाणी होतं. मी आत शिरलो तेव्हा तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

"आबा!"

"मघापासना बोलवतंय," ते शांतपणे म्हणाले. "पाणी वाडता हा."

"पण भरती सव्वाअकराला..."

"ता पाण्याक सांगा."

मी धावलो. चिखलात कोणी धावत नाही, हे दुसऱ्या पावलाला समजलं. आबांचा हात धरून ओढलं तर ते वर आले नाहीत, मीच गुडघाभर खाली गेलो. त्यांचा हात माशासारखा थंड लागला. ओठ निळे पडले होते. त्याहून वाईट म्हणजे ते कुडकुडत नव्हते. माझे दात अख्ख्या बातिनाह किनाऱ्याला ऐकू जात होते, आणि माझ्याहून पंचवीस वर्षांनी म्हातारा माणूस देवळातल्या खांबासारखा निश्चल उभा होता. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या भीतीला मी आजतागायत एकही विनोद जोडू शकलेलो नाही.

"सुलभा!" मी ओरडलो.

ती गाडीत थर्मास उघडत होती. तशीच आली, हातात पिकनिकची प्लास्टिकची चटई घेऊन. काठावर क्षणभर थांबली, आमच्याकडे पाहिलं, आणि चटई चिखलावर अंथरून पोटावर आडवी होऊन सरपटत पुढे आली.

"आबानू, मागे पडा. पाठीर. चटयेर."

आबा हलले नाहीत. पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. ते समुद्राकडे बघत होते.

"सुलू," ते म्हणाले, "माका हयच ऱ्हवांदे गो. तुमी जावा."

वारा वाहत होता. महिनाभर गॅलरीत बसून आबा कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं. सुलभाला आधीपासून ठाऊक असावं. तिचा आवाज चढला नाही.

"आयेचा तोंड बघूक माका गावला नाय," ती म्हणाली. "आता तुमका माझ्या डोळ्यांदेखत जावक देव? गप आडवे पडा."

कंडक्टरने आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशाचं ऐकलं. आबा हळूहळू मागे रेलले आणि चटईवर पाठ टेकली. वजन पसरलं. "पाय हलवा," सुलभा म्हणाली, "थोडे थोडे, ओढू नका." मी बादलीने त्यांच्या पायांभोवतीचा चिखल उपसू लागलो. (बादलीचा त्या दिवशी झालेला एकमेव शहाणा उपयोग.) बादली हलताना पाहिली आणि बदकं पुन्हा आली. एक जाडं पांढरं बदक चटईवर चढलं, आबांच्या छातीवर बसलं आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहू लागलं.

"ह्येका उतरव," आबा म्हणाले.

"उतरताला आपसूक. तुमी पाय हलवा."

चिखलाने मोठा आवाज करून एक पाय सोडला. दुसऱ्याला बराच वेळ लागला. त्यातला बूट अजून सहमच्या खाडीत आहे. तोवर अर्बाब खल्फान पिकअप घेऊन आला होता. त्याने दोर फेकला, गाडीला बांधून ओढलं तर इजा होईल म्हणून स्वतःच्या हातांनी ओढलं, "श्वय् श्वय्" म्हणत, म्हणजे हळूहळू. आणि चटई, आबा, सुलभा आणि बदक अशी एक मिरवणूक घसरत काठाला लागली. मी मागून रांगत आलो. मला कोणी ओढलं नाही.

पुढचं सगळं अर्बाबने केलं. ओले कपडे काढायला लावले, आबांना स्वतःचा डिशडाशा घातला, तो पायघोळ पांढरा झगा, त्यावर घोंगड्या, आणि पिकअपचा हीटर लावून आत बसवलं. मी पाय चोळायला गेलो तर "ला, ला", म्हणजे नको नको, म्हणाला, "पहिले पेट गरम." थोड्या वेळाने आबांना कापरं भरलं. दवाखान्यात नंतर डॉक्टर म्हणाले, कुडकुडणं सुरू झालं हे चांगलं लक्षण. ते ऐकायच्या आधीच, आबांचे दात वाजू लागले त्या क्षणी, सुलभा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

दवाखान्यातून अर्बाबने आम्हाला थेट त्याच्या घरी नेलं. बदकं माझ्या बादलीमागून केव्हाच रांगेने कुंपणात गेली होती. अर्बाबची आई ताट घेऊन बसली होती. तिने आबांपुढे खजूर, हलवा आणि भाताचा डोंगर ठेवला. डिशडाशा आणि वर माकडटोपी अशा वेशात आबा मांडी घालून बसले आणि जेवू लागले. चिवडलं नाही. दुसऱ्यांदा भात घेतला. सुलभा आणि ती म्हातारी, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघी एकाच ताटाकडे बघत होत्या.

खिडकीबाहेर बदकं ओरडत होती. आबांनी बोट दाखवून अर्बाबला विचारलं, "ह्येंका तुमी काय म्हणतास?"

"बट्टा," अर्बाब म्हणाला.

आबांनी घास गिळला. माझ्याकडे पाहिलं, चिखल अजून माझ्या कानात होता.

"बट्टा?" ते म्हणाले. "मगे तो आमच्या घराण्याक सुलूच्या लग्नातच लागलो."

सुलभा आधी हसली, मग तोंडाला पदर लावून पुन्हा रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. आबाही हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा.

अर्बाबला राहवेना. "क्या बोला? बाबा क्या बोला?"

सुलभाचं तोंड पदरात होतं, त्यामुळे दोन्ही भाषा बोलू शकणारा खोलीत मी एकटाच उरलो होतो. मी छाती पुढे काढली.

"बाबा म्हणतात," मी त्याला समजावून सांगितलं, "असा जावई आमच्या घराण्याला आजवर लाभला नव्हता."

भाषांतर तसं चुकीचं नव्हतं.