सगळे माझे सख्खे भाऊ
“कामगार किती? हजेरीपत्रक दाखव!” लेबर इन्स्पेक्टर ओरडत होता, पण माझ्या नव्या यंत्रमाग कारखान्याच्या खडखडाटाने शेजारच्या खाडीतले मासेसुद्धा बहिरे झाले होते. सुताच्या कांजीचा वास आला की अजून ती दुपार तरंगत येते. कवडशात कापूस उडतोय, जणू ढगातच विणकाम चाललंय. माणूस कामाला ठेवला की त्याची नोंद करायची, हा कायदा मी कानाआड केला होता आणि पूर्णा गावातली जमीन विकून घेतलेल्या लूमांना आता टाळं लागणार होतं. “कामगार कुठले साहेब? सगळे माझे सख्खे भाऊ!” मी ठोकून दिलं. बिहारी, तेलुगू, जवळच्या दिघाशी गावचा, सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब हसला आणि आठवड्याची मुदत देऊन गेला. दिघाशीच्या कारागिराने लूम थांबवला, मिशीवरचा कापूस झटकला आणि शांतपणे म्हणाला, “मंग भावा, माज्या वाटनीला कंचा लूम?”